अवधाण

पायात बाभळीचा काटा मोडला की दोनतीन दिवसांत जांघेत अवधाण येते, हे आमच्या मुरुडकडच्या पोराला शाळेत जाण्याआधीच ठाऊक झालेले असते. काटा असतो टाचेत आणि ठणका लागतो जांघेत. सुपारीएवढी गाठ हाताला लागते, पाय फाकवून चालावे लागते, अंगात कणकण येते. माझी आजी अशा वेळी तापलेली विटकर फडक्यात गुंडाळून शेक देई. पण त्याआधी ती पाय उलटा करून तळवा पाही. "गाठीला काय बघायचं? काटा कुठं हाय ते बघा," असे तिचे म्हणणे. बाई अक्षरशत्रू होती. परंतु तिच्या त्या बोलण्यात किती अर्थ भरला होता, हे कळायला मला चाळिशी उलटावी लागली.

१९९४ चा सप्टेंबर महिना मला एका अवधाणामुळेच आठवतो. आदल्या वर्षी, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जन करून माणसे झोपी गेली असताना किल्लारीचा भूकंप झाला. आमच्या लातूर जिल्ह्यातली आणि शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली गावेच्या गावे दगडमातीखाली गेली. हजारो माणसे दगावली. त्या दुःखाला वर्ष होते न होते तोच बीड जिल्ह्यातून निराळीच बातमी आली. मामला नावाच्या गावात उंदीर मरून पडत होते, पिसवा झाल्या होत्या, आणि आता माणसांच्या काखेत नि जांघेत गाठी येत होत्या. ज्या शब्दाचा उच्चार म्हातारी माणसेसुद्धा दबक्या आवाजात करीत तो शब्द पुन्हा ऐकू आला. प्लेग! पाठोपाठ सुरतेची वार्ता आली. तिथला प्लेग फुप्फुसांत शिरलेला होता. पन्नासाच्या आसपास माणसे मेली आणि लाखो लोक मिळेल त्या गाडीने शहर सोडून निघाले. टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दुकानांतून नाहीशा झाल्या आणि माणसे नाकाला रुमाल बांधून बाजार करू लागली.

मी त्या वेळी शाळकरी मुलगा होतो, आणि नेमके त्याच आठवड्यात मला अवधाण आले. एरवी मी ते आजीला लंगडतच दाखवले असते. या वेळी मी ते लपवले. ज्याला गाठ निघेल त्याला सरकारी गाडीत घालून नेतात आणि परत आणीत नाहीत, असे कोणीतरी शाळेच्या मैदानात सांगितले होते. तीन दिवस मी चाल सरळ ठेवण्याची कसरत केली. रात्री पांघरुणात हात घालून गाठ चाचपायची, ती वाढली की कमी झाली हे पाहायचे, आणि आपल्यामागे घरात कोणकोण आजारी पडेल त्यांची नावे मोजायची, असे माझे चालले होते. चौथ्या दिवशी आजीने चालीवरून ओळखले. तिने नेहमीप्रमाणे पाय उलटा केला. टाचेला काळा ठिपका होता. गुळाचा चटका देऊन तिने सुईने काटा काढला, आणि दोन दिवसांत गाठ बसली.

ती मला हसली मात्र नाही. त्या रात्री तिने आपल्या आजेसासूकडून ऐकलेली गोष्ट सांगितली. गाठीच्या साथीत उंदीर पडले की सगळे गाव माळावर जाऊन खोपी करून राही. आणि कोणाच्या जांघेत गाठ आली तर घरचे लोक ती शेजाऱ्याला कळू देत नसत. म्हणजे गाठ लपवणारा मी काही पहिला नव्हतो. माझ्याआधी सुमारे शंभर वर्षे हा सारा मुलूख गाठ लपवीत होता आणि सरकार ती शोधीत होते. या लपंडावात कित्येकांचे प्राण गेले. त्यांच्यातल्या कोणालाच, रोग्याला नाही नि सरकारलाही नाही, ती गाठ मुळात काय आहे हे ठाऊक नव्हते.

तर आधी गाठ म्हणजे काय ते पाहू. मी दहावीपर्यंतचे शास्त्र शिकलेला मास्तर आहे. तेव्हा वर्गात सांगतो तसेच सांगतो.

हृदय रक्ताला ढकलते आणि रक्त नळ्यांतून साऱ्या अंगभर फिरते, हे सर्वांना माहीत असते. पण अगदी बारीक, केसासारख्या रक्तवाहिन्यांच्या भिंती पक्क्या नसतात. मातीच्या पाटातून पाणी झिरपावे तसे त्यांतून रक्तातले पाणी बाहेर झिरपते आणि शरीराच्या पेशींना न्हाऊ घालते. दिवसभरात असे वीसेक लिटर पाणी झिरपते. त्यातले बहुतेक तिथल्या तिथे रक्तात परत जाते. दोनतीन लिटर मात्र मागे उरते. ते तसेच साचले तर माणूस सुजून जाईल. म्हणून निसर्गाने त्याच्यासाठी दुसऱ्या पाटांची योजना केली आहे. हे पाट म्हणजे लसीकावाहिन्या. त्यांना हृदयासारखा मोठा पंप नाही. त्यांच्या भिंती स्वतः थोड्या आकसतात, आपण चालतो-वाकतो तेव्हा स्नायूंचा दाब पडतो, आणि आतल्या झडपांमुळे पाणी मागे फिरत नाही. सरतेशेवटी हे सारे पाणी मानेच्या बुडाशी मोठ्या शिरेत जाऊन रक्ताला मिळते.

परंतु ते थेट मिळत नाही. वाटेत नाके आहेत. आमचा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता तेव्हा सरहद्दीवर करोडगिरीचे नाके असत आणि आलेल्या प्रत्येक गाडीतला माल तिथे तपासून मगच गाडी पुढे सोडीत. शरीरात असे पाचसहाशे नाके आहेत. जांघेत, काखेत, मानेत आणि पोटात त्यांची गर्दी असते. या प्रत्येक नाक्याला शास्त्रात लसीकाग्रंथी म्हणतात. एरवी ती वाटाण्याएवढी किंवा त्याहूनही लहान असते आणि हाताला लागत नाही. पायाच्या टाचेतून निघालेले पाणी जांघेच्या नाक्यावर येते. त्यातून काट्याबरोबर शिरलेले जंतू आले की नाक्यावर हातघाई होते, कुमक येते, आणि नाका सुजतो. हेच आमचे अवधाण.

या पाण्याचे नाव आपल्याकडे जुने आहे. चरकसंहितेत कुष्ठाचे निदान सांगताना त्वचा, रक्त आणि मांस यांच्या बरोबरीने लसीका बिघडते असे म्हटले आहे. युरोपात या वाहिन्यांचा शोध सतराव्या शतकात लागला. १६२२ साली इटलीत आसेली नावाच्या शरीरशास्त्रज्ञाला, नुकत्याच जेवलेल्या कुत्र्याच्या आतड्याजवळ दुधासारख्या पांढऱ्या रेषा दिसल्या. पुढे १६५३ च्या सुमारास डेन्मार्कच्या बार्थोलिनने या वाहिन्या साऱ्या शरीरात आहेत असे दाखवून त्यांना स्वच्छ पाण्याचे लॅटिन नाव दिले. त्यापासूनच इंग्रजीतला लिंफ हा शब्द आला.

आपल्या बोलीत मात्र लस हा सुटसुटीत शब्द आहे. खरचटलेल्या गुडघ्यातून रक्त थांबल्यावर जे पातळ पाणी येते ती लस. आता गंमत पाहा. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी देवीवरचा टोचणीचा उपाय आपल्याकडे आला, तो एका माणसाच्या दंडावरच्या फोडातले पाणी दुसऱ्याच्या दंडात घालूनच. युरोपातून बगदाद नि बसरा या मार्गाने दंडोदंडी चालत आलेले ते पाणी १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला टोचले गेले. हिंदुस्थानातली ती पहिली यशस्वी टोचणी. साहेब त्या पाण्याला लिंफ म्हणे आणि आपण लस म्हणू लागलो. जखमेतून बाहेर येते तीही लस आणि सुईने आत घालतात तीही लस! भाषेने नकळत जोडलेले हे दोन अर्थ शास्त्रालाही जोडून दाखवावे लागले. पण त्याला दीडशेहून अधिक वर्षे लागली.

या कथेचा मधला आणि सर्वांत दारुण भाग मुंबईत घडला. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात, धान्याच्या गोदामांच्या शेजारी, एका विचित्र तापाने माणसे मरू लागली. डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी रोग्यांच्या गाठी पाहून हा प्लेग आहे असे निदान केले. आरंभी पुष्कळांनी ते मानले नाही. तोवर लोकांनी मात्र रोगाला आपले नाव देऊन टाकले होते, ते म्हणजे गाठीचा ताप. दोनच वर्षांपूर्वी, १८९४ साली, हाँगकाँगमध्ये येर्सिन या शास्त्रज्ञाने प्लेगने मेलेल्यांच्या गाठींतला पू काढून त्यात रोगाचा जंतू पाहिला होता. जंतू गाठीत सापडतो हे तेव्हापासून पक्के झाले. मात्र तो गाठीत येतो कसा, हे कळायचे होते.

रोग पसरू लागला तशी मुंबईची निम्म्याच्या जवळपास वस्ती गावोगाव पांगली. सरकार हादरले. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला आणि अधिकाऱ्यांना अमर्याद अधिकार मिळाले. रेल्वे स्टेशनांवर उतारूंना रांगेत उभे करून त्यांच्या काखा नि जांघा चाचपून पाहण्यात येऊ लागल्या. पुण्यात रँडसाहेबाच्या हाताखाली गोरे सोजीर घरात शिरू लागले. स्वयंपाकघर, देवघर, बाळंतिणीची खोली असा भेद राहिला नाही. स्त्रियांचीही तपासणी चारचौघांत होऊ लागली. गाठ सापडली की माणूस इस्पितळात, घरचे लोक छावणीत आणि सामानाची होळी. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली. तिचे राजकीय मोल इतिहासाने केलेच आहे. मला इथे दुसरीच गोष्ट सांगायची आहे. ज्या अवयवावर शत्रू अडवला जातो तोच अवयव सरकारच्या लेखी गुन्ह्याचा पुरावा ठरला. मग लोक रोगी लपवू लागले. कोणी रोग्याला माळ्यावर निजवले, तर कोणी प्रेतही रातोरात गुपचूप हलवले. लपवलेल्या रोग्याची शुश्रूषा कोण करणार?

ज्यांनी ती उघडपणे केली त्यांत सावित्रीबाई फुले होत्या. त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी पुण्याबाहेर माळावर रोग्यांसाठी दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या गायकवाड कुटुंबातल्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी स्वतः पाठीवर घेऊन तिथे पोहोचवले आणि त्यांनाच तो रोग जडला. १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. गाठ आलेल्या मुलाला आपण होऊन हात लावणारी बाई आणि गाठ शोधण्यासाठी हात घालणारा सोजीर, ही दोन्ही माणसे एकाच शहरात, एकाच महिन्यात वावरत होती.

याच दिवसांत भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात, अपुऱ्या जागेत आणि मोजक्या माणसांनिशी, एक परका माणूस काम करीत बसला होता. वॉल्डेमार हाफकिन हा ओडेसाचा ज्यू. त्याचा गुरू मेचनिकॉफ. या गुरूची एक गोष्ट मला फार आवडते. १८८२ साली सिसिली बेटावर मेसिना गावी असताना त्याने काचेसारख्या पारदर्शक तारामाशाच्या पिलात गुलाबाचा काटा खुपसून ठेवला आणि रात्रभर त्याला झोप आली नाही. सकाळी पाहतो तो काट्याभोवती त्या जिवाच्या फिरत्या पेशींनी गराडा घातला होता! शरीर परक्याला ओळखते, त्याच्यावर चालून जाते आणि त्याला गिळते, हे त्याने त्या काट्यावरून सांगितले. पुढे १९०८ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. आमच्या आजीनेही अवधाणाचे मूळ काट्यातच शोधले होते. तिला सूक्ष्मदर्शक मिळाला नाही, एवढेच!

हाफकिनने प्लेगचे जंतू मांसाच्या रशात वाढवले. रशावर तो तुपाचे थेंब तरंगत ठेवी. जंतू त्या थेंबांना धरून पारंब्यांसारखे खाली लोंबत. मग उष्णतेने ते मारून त्याने लस तयार केली, आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती सर्वांआधी स्वतःच्या अंगात टोचून घेतली. ताप आला, अंग दुखले, पण माणूस उभा राहिला. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली. राजी झालेल्या सुमारे निम्म्या कैद्यांना लस टोचली, बाकीच्यांना टोचली नाही. न टोचलेल्यांत बारा जणांना प्लेग झाला आणि सहा मेले; टोचलेल्यांत दोघांना झाला आणि दोघेही वाचले.

तरीही लोक सुईला भिऊन पळत. यात नुसते अज्ञान होते असे मी म्हणणार नाही. जे सरकार काखेत हात घालते त्याच सरकारची सुई होती ती. तिच्यावर विश्वास कोणी कसा ठेवावा? त्यातच १९०२ साली पंजाबातल्या मुल्कोवाल गावी एका दूषित बाटलीतून लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने मेली. हाफकिनला पदावरून दूर केले गेले आणि निर्दोष ठरायला १९०७ साल उजाडले. परळच्या ज्या जुन्या राजभवनात त्याची प्रयोगशाळा १८९९ साली गेली होती, तिला १९२५ साली त्याचे नाव देण्यात आले.

आता शत्रूची चाल ऐका. १८९८ साली सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत दाखवून दिले की रोग उंदराकडून माणसाकडे नेते ती पिसू. विद्वानांनी प्रथम नाक मुरडले. पुढे मुंबईतल्याच संशोधनाने ते खरे ठरवले. मेलेल्या उंदराचे अंग थंड पडले की पिसू माणसाकडे वळते आणि बहुधा पायाला चावते. पायातले पाणी जांघेच्या नाक्यावर जाते, म्हणून पुष्कळदा गाठ जांघेत. हा जंतू मोठा लबाड आहे. पिसवेच्या थंड अंगात तो उघडा असतो. माणसाच्या रक्षक पेशी त्याला गिळतात; पण काही पेशींच्या पोटात तो मरत नाही. मानवी अंगाच्या उष्णतेत तो चिलखत चढवतो आणि वाढतो. जणू चौकीदाराच्याच बैलगाडीत लपून तो नाक्यावर पोहोचतो. रोग दिसायला दोन ते सहा दिवस पुरतात, आणि नाक्यावरची खास फौज पहिल्या वेळी तयार व्हायला आठवडाभर लागतो. त्या दोनतीन दिवसांच्या फरकात माणूस जातो.

ही खास फौज कोणती? तर नाक्यावरच्या लिंफोसाइट नावाच्या गोल, चिमुकल्या पेशी. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्या कशासाठी आहेत हेच ठाऊक नव्हते. १९५९ च्या सुमारास ऑक्सफर्डच्या गोवन्सने दाखवले की त्या रक्तातून गाठीत, गाठीतून लसीकेत आणि लसीकेतून पुन्हा रक्तात अशी सतत गस्त घालतात. १९६१ साली जॅक मिलरने छातीतल्या थायमस ग्रंथीचे काम उकलले. त्यावरून या फौजेत दोन जाती आहेत हे पुढे स्पष्ट झाले. एक जात प्रतिद्रव्ये बनवते. दुसरी लागण झालेल्या पेशींना मारते किंवा इतरांना हुकूम देते. यांतली प्रत्येक पेशी एकाच प्रकारचा शत्रू ओळखते. रक्षक पेशींनी शत्रूचे तुकडे नाक्यावर आणले की त्याला ओळखणारी नेमकी पेशी थांबते आणि एकीच्या हजारो होतात. गाठ फुगते ती बरीचशी यामुळेच. लढाई संपल्यावर यांतल्या काही पेशी मागे राहतात आणि शत्रूचा चेहरा वर्षानुवर्षे विसरत नाहीत.

लस म्हणजे हीच तयारी आधी करून घेणे. मेलेला किंवा दुबळा केलेला जंतू, अथवा त्याचा एखादा तुकडा, लसीकेच्या पाटातून नाक्यावर पाठवायचा आणि फौजेला कवायत करायला लावायची. दंडात घातलेली लस काखेतल्या लसीकाग्रंथीत आपले काम करते. अशा रीतीने आपल्या शब्दाचे दोन्ही अर्थ अखेर एकाच नाक्यावर भेटले. याच युक्तीने देवीचा रोग १९७५ साली आपल्या देशातून आणि १९८० पर्यंत जगातून गेला. प्लेगला मात्र मुख्यतः वेळेवर दिलेल्या औषधांनी आणि उंदीर-पिसवांच्या बंदोबस्ताने आळा बसला. तोवर या देशात त्याने एक कोटीहून अधिक बळी घेतले होते.

या साऱ्या हकिकतीतून मला एक गोष्ट खटकते ती अशी. १८९७ साली साहेबाने गाठ पाहिली आणि काटा पाहिला नाही. काटा होता उंदीर नि पिसू, अंधाऱ्या चाळी नि धान्याची कोठारे. त्या वेळी ते कोणालाच ठाऊक नव्हते, तेव्हा सारा दोष त्याच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. पण उंदीर पडताच गाव सोडून माळावर जाणारी आमची अडाणी माणसे उंदरांपासून आणि पिसवांपासूनच दूर जात होती! त्यांच्याशी चार शब्द बोलायला कोणी बसले असते, तर रोगाचा माग कदाचित लवकर लागला असता, आणि सुईवर विश्वासही बसला असता.

१९९४ मधला मी आणि आजच्या माझ्या वर्गातला मुलगा यांत भीतीच्या बाबतीत फार अंतर नाही. कोरोनाची लस आली तेव्हा आमच्या एका सहशिक्षकाच्या काखेत टोचल्यानंतर गाठ आली आणि त्याची झोप उडाली. लस नाक्यावर पोहोचल्याची ती खूण असू शकते, असे डॉक्टरांनी त्याला समजावले. काही दिवसांत गाठ आपोआप बसली. अर्थात प्रत्येक गाठ निरुपद्रवी असते असे नव्हे. जी गाठ तीनचार आठवड्यांत बसत नाही, दुखत नाही पण वाढतच जाते, जिच्याबरोबर ताप राहतो किंवा वजन घटते, ती क्षयाची वा त्याहून वाईट असू शकते. ती डॉक्टरला दाखवलीच पाहिजे. लपवायची तर कोणतीच गाठ नाही.

मागच्या वर्षी सहावीतला एक मुलगा मधल्या सुट्टीत खेळायला न जाता वर्गातच बसलेला दिसला. विचारले तर बोलेना. शेवटी हळूच म्हणाला, "सर, जांघेत गाठ आलीय. घरी सांगू नका." मी त्याला चप्पल काढायला सांगितली. टाचेला काळा ठिपका होता. त्याला फळ्यापाशी नेऊन मी माणसाची आकृती काढली, पायापासून मानेपर्यंत पाट काढले, जांघेत नाका काढला, आणि घरी आईला सांगून दवाखान्यात जायला लावले. दुसऱ्या दिवशी तो शाळा भरायच्या आधीच आला. डॉक्टरांनी काढलेला काटा त्याने वहीच्या कागदाच्या पुडीत बांधून मला दाखवायला आणला होता.